मिक्सर शॉवरची पाणी लाईन: भिंतीला कटर लावण्याआधी काय बघायचं?



या आठवड्याच्या व्हिडिओत आपण बाथरूमच्या प्लंबिंगचं काम व्यवसाय म्हणून कसं उभं करायचं ते पाहिलं. व्हिडिओत फिटिंग दाखवण्यातच बराच वेळ गेला आणि खरा मुद्दा राहून गेला. शॉवर चालेल की नाही हे फिटिंगवर कमी आणि पाणी कुठून, किती जोरात येतं यावर जास्त ठरतं. म्हणून हा लेख. तुम्ही स्वतः पाना हातात धरणारे असा, दोन मिस्त्री ठेवून काम घेणारे असा, किंवा हार्डवेअरच्या दुकानात बसून गिऱ्हाइकाला मिक्सर विकणारे असा, हे तिघांनाही लागणार आहे.

साधा नळ बसवण्यात चूक झाली तर अर्ध्या तासात दुरुस्त होते. मिक्सर शॉवरचं तसं नाही. पाईप भिंतीत जातो, वर प्लास्टर, त्यावर टाईल्स. चूक कळते तेव्हा घरात माणसं राहायला आलेली असतात. आणि ती चूक काढायला जो खर्च येतो तो तुमच्या मजुरीतून जातो, गिऱ्हाइकाच्या खिशातून नाही.

आधी उंची मोजा

गिऱ्हाईक कुठेतरी शॉवर बघून आलेलं असतं. कधी पुण्यातल्या भावाच्या फ्लॅटमध्ये, कधी महाबळेश्वरच्या हॉटेलात. मोबाईलवर फोटो दाखवतात, "अस्साच पाहिजे." पसाभर मोठा चौकोनी रेन शॉवर. तुम्ही लगेच "होऊन जाईल" म्हणू नका.

पाण्याच्या १० मीटर उंचीला साधारण १ किलो प्रेशर मिळतं. किलो म्हणजे आपल्या बोलीतला, प्रति चौरस सेंटिमीटर एक किलो. कॅटलॉगमध्ये बार लिहिलेलं असतं, आपल्या कामापुरते दोन्ही एकच धरा. म्हणजे १ मीटरला ०.१ बार. एवढं एक गणित पक्कं केलं की अर्धं काम झालं.

आता हिशोब करा. भावाचा फ्लॅट सात मजली इमारतीत दुसऱ्या मजल्यावर आहे. त्याच्या फरशीपासून गच्चीपर्यंत सहा मजले, प्रत्येकी १० फूट, म्हणजे ६० फूट. टाकी गच्चीपासून आणखी ५ फूट वर. शॉवर फरशीपासून ७ फुटांवर. उरले ५८ फूट, म्हणजे पावणेअठरा मीटरच्या आसपास. प्रेशर पावणेदोन बार. पाणी वाहताना पाईपच्या घर्षणात थोडं जाईल, तरी शॉवर झोडपून काढतो.

तुमच्या गिऱ्हाइकाचा बंगला एकमजली बांधकाम अधिक वरचा मजला. बाथरूम वरच्या मजल्यावर. फरशी ते गच्ची १० फूट, टाकीचा तळ गच्चीपासून ३ फूट वर. १३ फुटांतून शॉवरचे ७ गेले, राहिले ६ फूट. प्रेशर ०.१८ बार. तोच शॉवर, तीच कंपनी, आणि पाणी मात्र झारीतून पडल्यासारखं. तळमजल्याच्या बाथरूमला १० फूट जास्त मिळतात, तिथे ०.४९ बार येतो.

बाजारातल्या बऱ्याच मोठ्या रेन शॉवरना आणि डायव्हर्टरना नीट चालायला अर्धा ते एक बार तरी लागतो, थर्मोस्टॅटवाल्यांना त्याहूनही जास्त. किमान प्रेशर किती हे खोक्यातल्या कागदावर छापलेलं असतं. दुकानात उभं राहून तो कागद वाचायची सवय लावा. दहातले नऊ प्लंबर वाचत नाहीत, म्हणून वाचणारा वेगळा दिसतो.

इथे एक फसवी चाचणी सगळे करतात. नळ सोडायचा, बादली लावायची, "प्रेशर मस्त आहे" म्हणायचं. नळ फरशीपासून २ फुटांवर आहे, शॉवर ७ फुटांवर. वरच्या मजल्याच्या त्या बाथरूममध्ये नळाला ११ फुटांची उंची मिळतेय आणि शॉवरला फक्त ६ फुटांची. जवळजवळ निम्मा फरक! म्हणून चाचणी अशी करा. नळाला पाईपचा तुकडा लावा, त्याचं तोंड ७ फुटांवर धरा आणि तिथून पडणारं पाणी १५ लिटरच्या बादलीत घ्या. घड्याळ लावा. ९० सेकंदांत बादली भरली तर मिनिटाला १० लिटर. तीन मिनिटं लागली तर ५ लिटर, त्यावर मोठा रेन शॉवर विकू नका. गिऱ्हाइकाला शेजारी उभं करून हे दाखवा. तुमच्या तोंडाच्या शब्दापेक्षा त्याच्या डोळ्यांसमोर न भरणारी बादली जास्त पटते.

कमी प्रेशर निघालं तर काम सोडायचं का? नाही. पर्याय सांगायचे. कमी प्रेशरवर चालणारा लहान शॉवर किंवा हँड शॉवर हा सगळ्यात स्वस्त. टाकी उंच करणं हा दुसरा, पण ५ फूट चढवली तर दीड दशांश बार मिळतो आणि १००० लिटरची भरलेली टाकी म्हणजे टनभर वजन, ते कॉलमवर येतं की स्लॅबच्या मधोमध हे इंजिनिअरला विचारल्याशिवाय हात लावायचा नाही. तिसरा प्रेशर पंप. हा पंप टाकीनंतर लावायचा असतो. नगरपालिकेच्या लाईनला थेट मोटार लावून देणाऱ्यांच्या रांगेत तुम्ही जाऊ नका, मोटार जप्त होते आणि शेजाऱ्याचं पाणी जातं ते वेगळंच.

आणि पंप लावायचा ठरलं की खरी गंमत सुरू होते.

माझे नऊ हजार कसे गेले

व्यवसाय सुरू करून दुसरंच वर्ष होतं माझं. एका निवृत्त शिक्षकांचा बंगला, दोन बाथरूम, दोन्हीकडे मिक्सर शॉवर. मजुरी १४,००० ठरली. गच्चीवर सोलर होता, साधा, काचेच्या नळ्यांचा. सरांची तक्रार होती की प्रेशर कमी आहे. मी गार पाण्याच्या लाईनवर प्रेशर पंप बसवला. गरम पाणी सोलरच्या टाकीतून आपलं आपण खाली येत होतं, ते तसंच ठेवलं. टाईल्स लागल्या, मिक्सर बसले, चमकवून दिलं सगळं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला फोन. "अहो, सोलरला एवढं कडक पाणी आहे, नळाला नुसतं गरम सोडलं तर हात भाजतो. शॉवर लावला की गार! हे काय केलंत?" मी पोचेपर्यंत शेजारच्या काकूंनीही हाक मारली, "तुमच्या गच्चीवरून पाणी वाहतंय बघा." वर जाऊन पाहिलं तर सोलरच्या व्हेंट पाईपमधून धार लागलेली.

काय झालं होतं? मिक्सरच्या आत गरम आणि गार पाणी एका छोट्या पोकळीत भेटतं आणि बाहेर जायला वाट एकच, शॉवरची बारीक भोकं. अरुंद दारातून पैलवान आणि लहान पोर एकाच वेळी बाहेर पडायला गेले तर पोर मागे ढकललं जातं. पंपाचं गार पाणी दीड-दोन बारनं आलं, सोलरचं गरम पाणी तीन-चार दशांश बारनं. गारानं गरमाला उलटं पाईपमधून वर ढकललं, ते सोलरच्या टाकीत गेलं, टाकी भरली आणि व्हेंटमधून वाहायला लागली. सरांचं गरम पाणीही वाया आणि टाकीतलं गारही वाया.

एका जुन्या मिस्त्रींनी सल्ला दिला, "गरमाच्या लाईनला एनआरव्ही टाक." टाकला. व्हेंटचं वाहणं थांबलं. पण शॉवरला गरम पाणी काही येईना. नॉन रिटर्न व्हॉल्व्ह उलटं जाणारं पाणी अडवतो, कमी प्रेशरच्या पाण्याला ताकद देत नाही. पैलवानानं दार अडवलंय ते अडवलंयच, फक्त पोर आता जिन्यावरून पडत नाही, एवढाच फरक. हा सल्ला आजही सर्रास दिला जातो, म्हणून इतकं लिहितोय.

शेवटी काय केलं? दोन्ही शॉवरचं गार पाणी पंपाच्या लाईनवरून काढलं आणि त्याच गच्चीच्या टाकीतून, पंपाशिवाय, वेगळी लाईन मागच्या भिंतीवरून बाहेरून आणली. बाथरूममधल्या चार टाईल्स फोडाव्या लागल्या. त्या डिझाईनची टाईल दुकानात संपलेली, म्हणून वेगळ्या रंगाची पट्टी घालून वेळ मारून नेली. सामान, टाईल्सवाला, दोन दिवसांची मजुरी मिळून नऊ हजारांच्या वर गेले. सर भले माणूस, ओरडले नाहीत. पण त्यांच्या गल्लीतलं एकही काम मला पुढची दोन वर्षं मिळालं नाही.

तर सूत्र एवढंच: मिक्सरला येणारं गरम आणि गार, दोन्ही एकाच उगमातून आणि एकाच प्रेशरनं आलं पाहिजे.

साध्या इलेक्ट्रिक स्टोरेज गिझरला हे सोपं आहे. ज्या लाईनवरून मिक्सरचं गार घेताय, त्याच लाईनवरून टी काढून गिझरला द्या. पंप असेल तर तो या टीच्या आधी, म्हणजे दोन्हीकडे सारखाच जोर. गिझरच्या पाटीवर तो किती बार सहन करतो ते लिहिलेलं असतं, पंपाच्या आकड्याशी ताडून बघा. गिझरसोबत येणारा सेफ्टी व्हॉल्व्ह बसवाच, आणि तो व्हॉल्व्ह आणि गिझर यांच्यामध्ये बंद करता येईल असा कुठलाही कॉक घालू नका. पाणी तापलं की फुगतं, त्याला वाट लागते.

सोलर असेल तर आधी विचारा, टाकी प्रेशरची आहे की बिनप्रेशरची. बिनप्रेशरच्या टाकीला पंपाचं पाणी द्यायचं नसतं. मग मार्ग दोन. एक तर शॉवरचं गार आणि गरम दोन्ही गच्चीच्या उंचीवरच चालवायचं आणि पंप बाकीच्या घराला. नाहीतर गरम लाईनवर गरम पाण्याला चालणारा वेगळा छोटा पंप, गारावरच्या पंपाच्या जोराशी जुळणारा. दुसऱ्याचा खर्च जास्त, देखभाल जास्त. मी बहुतेक वेळा पहिला सुचवतो.

सोलरच्या गरम लाईनला आणखी एक खोड असते. पाईप कुठे वर चढून पुन्हा खाली उतरला की त्या उंचवट्यावर हवा अडकते. पंपाच्या जोरापुढे ती हवा निघून जाते, पण ०.२ बारला ती हलत नाही आणि पाणी ठिबकत येतं. दरवाजाच्या चौकटीवरून पाईप वळवून नेण्याचा मोह इथेच महागात पडतो. लाईन एकसारखी उतरती ठेवा. आणि अशा कमी प्रेशरच्या घरात एनआरव्ही लागलाच तर स्प्रिंगचा नको, झडपेचा घ्या. स्प्रिंग उघडायलाच थोडा जोर खाते, आणि आपल्याकडे जोर आहेच केवढा!

गरम पाणी पुरेल का?

हा प्रश्न गिऱ्हाईक विचारत नाही. तुम्ही विचारायचा. कारण शॉवर सुरू झाल्यावर चौथ्या मिनिटाला पाणी गार झालं तर शिव्या गिझरच्या कंपनीला नाही, प्लंबरला बसतात.

१५ लिटरचा गिझर, पाणी ६० अंशांपर्यंत तापलेलं. टाकीतलं गार पाणी २५ अंश. आंघोळीला ४० अंश हवं. म्हणजे मिश्रणात गरम पाणी ४३ टक्के लागतं. हिशोबानं १५ लिटर गरमापासून ३५ लिटर आंघोळीचं पाणी होतं. प्रत्यक्षात गिझरमध्ये खालून गार पाणी शिरत असतं, त्यामुळे थोडं कमीच. मिनिटाला ८ लिटर सोडणारा शॉवर म्हणजे चार मिनिटं. बादलीने आंघोळ करणाऱ्या घरात हाच गिझर भरपूर होता, शॉवर आल्यावर तो अपुरा पडतो. पुन्हा १५ लिटर तापायला २ किलोवॉटच्या गिझरला जवळपास १८ ते २० मिनिटं. चार माणसांच्या घरात सकाळी शाळा-ऑफिसची घाई असेल तर २५ लिटरचा सुचवा, आणि का सुचवताय ते हा हिशोब कागदावर मांडून दाखवा.

३ किलोवॉटचा इन्स्टंट गिझर शॉवरला लावू नका. मिनिटाला ३ लिटर पाणी घेतलं तर तो १४ अंश वाढवतो, ९ लिटर घेतलं तर फक्त पाचेक अंश. कोकणात कदाचित भागेल, नाशिकच्या डिसेंबरात नाही.

गॅस गिझरचं दोन कारणांनी जपून. एक, त्याला पेट घ्यायला ठरावीक प्रवाह लागतो, मिक्सरवर गार वाढवलं की गिझरमधला प्रवाह कमी होतो आणि तो विझतो. दुसरं जास्त महत्त्वाचं. बंद बाथरूममध्ये गॅस गिझर लावल्यानं कार्बन मोनॉक्साईडनं माणसं गेली आहेत, आपल्या महाराष्ट्रात दर हिवाळ्यात अशा बातम्या येतात. गिझर बाहेर, मोकळ्या हवेत. गिऱ्हाईक "आतच लावा" म्हणून अडून बसलं तर काम सोडून या. हे मी व्यवसायाचा सल्ला म्हणून लिहीत नाहीये.

आता भिंत

मिक्सर किंवा डायव्हर्टर साईटवर आल्याशिवाय झिरी मारायची नाही. "तुम्ही पॉईंट काढून ठेवा, आम्ही मिक्सर नंतर आणतो" हे वाक्य ऐकलं की थांबायचं. प्रत्येक कंपनीची बॉडी वेगळी असते.

बाहेरून दिसणाऱ्या वॉल मिक्सरला दोन पॉईंटमधलं अंतर मध्यापासून मध्यापर्यंत बहुधा १५० मिलिमीटर, आपल्या भाषेत ६ इंच. सोबतच्या वाकड्या कनेक्शननं थोडं इकडे-तिकडे जुळवता येतं, पण दोन पॉईंट एका पातळीत नसतील तर मिक्सर आयुष्यभर तिरका दिसतो. पाणसळ लावा, नजरेवर जाऊ नका. मिक्सरकडे तोंड करून उभं राहिलं की गरम डावीकडे, गार उजवीकडे. ही फक्त पद्धत नाही. पाहुणा अंधारात नळ फिरवतो तेव्हा त्याचा हात याच भरवशावर असतो.

भिंतीत जाणाऱ्या डायव्हर्टरला खोली हा एकच मोठा प्रश्न. बॉडीवर प्लास्टिकचं कव्हर असतं आणि त्यावर कमीत कमी-जास्तीत जास्त अशा खुणा असतात. तयार टाईलचा पृष्ठभाग त्या दोन खुणांच्या मध्ये यायला हवा. विटेपासून मोजा: प्लास्टर १५ मिलिमीटर, केमिकल ५, टाईल ८ ते १०, म्हणजे ३० च्या आत. पण टाईल्सवाला सिमेंट मालावर लावणार असेल तर तोच आकडा ४० च्या पुढे जातो. म्हणून टाईल्सवाल्याला आधी भेटा. चहा पाजा. कशावर लावणार, टाईल किती जाड, हे विचारून भिंतीवर लिहून ठेवा. बॉडी जास्त आत गेली तर हँडल बसत नाही, बाहेर राहिली तर प्लेट टाईलला टेकत नाही. दोन्ही वेळेला फोडाफोड.

४ इंची भिंतीत खोल आडवी झिरी शक्यतो टाळा, उभी मारा. कॉलम आणि बीमला कटर लावायचा नाही, गिऱ्हाइकानं कितीही सांगितलं तरी.

पाईप सीपीव्हीसी, आयएस १५७७८ चा शिक्का बघून. साधा यूपीव्हीसी गरमाला चालत नाही, मऊ पडतो. गार लाईन यूपीव्हीसीत टाकून पैसे वाचवणारे आहेत, पण मिक्सरच्या आसपास मी दोन्हीकडे सीपीव्हीसीच वापरतो. दोन प्रकारचे सोल्युशन साईटवर असले की मदतनीस चुकीचा डबा उचलतोच.

जाडीचं म्हणाल तर मिक्सरपर्यंत पाऊण इंची न्या, शेवटच्या पॉईंटलाच अर्धा इंची करा. दिसायला फरक थोडा, पण पाऊण इंचीचं आतलं भोक अर्ध्या इंचीच्या दुपटीहून मोठं असतं. कमी प्रेशरच्या घरात हाच फरक शॉवर वाचवतो. मधे येणारे कॉक फुल बोअरचे घ्या, एल्बो जितके कमी तितके बरे. आणि कमोडच्या फ्लश टँकची टी मिक्सर आणि गिझरच्या टीमध्ये काढू नका. नाहीतर कुणी फ्लश केला की शॉवरखालच्या माणसाचं गार पाणी कमी होतं आणि अंगावर एकदम चटका बसतो. लहान मूल किंवा म्हातारं माणूस असेल तर विचार करा.

गरम पाण्यानं सीपीव्हीसी वाढतो. ३ मीटरच्या सरळ पाईपला ४० अंश वाढले तर ७ मिलिमीटरच्या आसपास. झिरीत पाईप मालानं घट्ट चिणू नका, गरम लाईनला इन्सुलेशनची नळी चढवा. उष्णताही राहते आणि पाईपला हलायला जागाही. आटे असलेल्या ब्रास फिटिंगला टेफ्लॉन टेप वापरा. जीआयच्या जमान्यातला सफेदा आणि धागा इथे नको, तेलकट पदार्थ सीपीव्हीसीला मानवत नाहीत. जोड देताना पाईप सरळ कापा, आतली बुरबुर काढा, सोल्युशन दोन्हीकडे लावा, पाव वळसा देऊन बसवा आणि अर्धा मिनिट दाबून धरा. दाबून न धरलेला पाईप हळूच मागे सरकतो. हे कुणालाही दिसत नाही, टेस्टिंगला दिसतं.

टेस्टिंगशिवाय टाईल नाही

जोड दिल्यावर एक दिवस जाऊ द्या. सगळ्या पॉईंटला डमी प्लग लावा. गिझरच्या गरम आणि गार पॉईंटमध्ये एक कनेक्शन पाईप जोडा, म्हणजे दोन्ही लाईन एकत्र तपासल्या जातात. पाणी भरून हवा पूर्ण काढा, मग हातपंपानं प्रेशर चढवा. किती, ते पाईप कंपनीच्या माहितीपत्रकात असतं. सर्वसाधारण नियम चालू प्रेशरच्या दीडपट. मी घरगुती कामाला ५-६ किलो चढवतो आणि काटा तासभर बघतो. काटा उतरला तर जोड शोधायचा, "हवा असेल" म्हणून सोडायचं नाही.

टाईल्सचं काम चालू असताना लाईन भरलेली आणि थोड्या प्रेशरवर ठेवा. टाईल्सवाल्याचा किंवा इलेक्ट्रिशियनचा खिळा पाईपला लागला तर त्याच क्षणी पाणी उडेल आणि कुणाचा खिळा होता यावर वाद होणार नाही.

झिरी बुजवण्याआधी भिंतीला टेप लावून फोटो काढा. कोपऱ्यापासून आणि फरशीपासूनचं अंतर फोटोत दिसायला हवं. काट्याचाही फोटो, वेळ दिसेल असा. हे सगळं गिऱ्हाइकाला व्हॉट्सॲपवर पाठवा. दोन वर्षांनी त्यांना टॉवेलची दांडी लावायची असते, तेव्हा ते ड्रिल घेण्याआधी तुम्हालाच फोन करतात. माझी कित्येक कामं अशी परत आली आहेत.

कोटेशन

"एका बाथरूमचे किती?" या प्रश्नाला फोनवर आकडा देऊ नका. पाहणीला जा. टाकी किती उंच, पंप आहे का आणि कुठल्या लाईनवर, गरम पाणी कशाचं, मिक्सर कोणता, टाईल्स कोण लावणार, घरात माणसं किती. ही उत्तरं वहीत घेतल्यावरच दर. पाहणीचे पैसे घ्यायचे का? सुरुवातीला मी घेत नव्हतो. आता घेतो, आणि काम मिळालं तर बिलातून वजा करतो. नुसता भाव काढणारे त्यात गळून जातात.

कोटेशनमध्ये झिरी मारणं, राडारोडा उचलणं आणि झिरी बुजवणं यातलं काय तुमच्याकडे, काय गवंड्याकडे, हे स्पष्ट लिहा. सगळ्यात जास्त भांडणं मिक्सरवरून होत नाहीत, राड्यावरून होतात. गिऱ्हाइकानं स्वतः आणलेल्या मिक्सरमध्ये दोष निघाला तर बदलण्याची जबाबदारी दुकानाची, काढून-बसवण्याची मजुरी वेगळी, हेही लिहा. टाईल्सचा एक बॉक्स जास्त घेऊन ठेवायला सांगा. माझ्या सरांच्या भिंतीवरची ती वेगळ्या रंगाची पट्टी आठवा.

पैशाचे टप्पे मी असे ठेवतो: ४० टक्के सामान आणण्याआधी, ४० टक्के टेस्टिंगचा काटा दाखवल्यावर, २० टक्के मिक्सर बसवून शॉवर चालू करून दिल्यावर. मधला टप्पा टाईल्सच्या आधीच घ्यायचा. कारण टाईल्सचं काम दीड-दोन महिने रेंगाळतं, तोवर तुमचं काम भिंतीआड गेलेलं असतं आणि तुमचे पैसेही.

शेवटच्या दिवशी शॉवर लावण्याआधी लाईन मोकळी सोडून पाणी वाहू द्या. वाळू, पाईपचा भुगा, टेपचे तुकडे निघून जातात, नाहीतर पहिल्याच दिवशी जाळीत अडकून "प्रेशर कमी आहे" म्हणून फोन येतो. मग घरातल्या मोठ्या माणसाला बोलवा, गरम-गार कसं जुळवायचं, मुख्य कॉक कुठे बंद होतो, सेफ्टी व्हॉल्व्हमधून दोन थेंब पडले तर घाबरायचं नाही हे त्यांच्या हातानं करून घ्या. आणि घरातल्या बाईंना विचारायला विसरू नका, शॉवरची उंची त्यांना पुरते का, कारण ७ फूट हे माप सहसा पुरुष ठरवतात आणि हँड शॉवरचा हुक कुठे हवा हे मुलांना आंघोळ घालणाऱ्यालाच माहीत असतं. हा प्रश्न खरं तर झिरी मारण्याआधी विचारायचा. मी तो पाहणीच्या वहीत सगळ्यात वर लिहून ठेवलाय.

पुढच्या व्हिडिओत याच कामाचं पूर्ण कोटेशन ओळीओळीनं भरून दाखवतो. तोपर्यंत तुमच्या स्वतःच्या घरात टाकीचा तळ ते शॉवर किती फूट भरतं, ते आजच मोजून बघा.